नागपूर ते ठाणे, समृद्धीने: हवा, पट्टा आणि थांबे

समृद्धी महामार्गाने नागपूरहून ठाण्याकडे यायचं असेल तर कुठे कुठे थांबायचं हे निघण्याआधीच ठरवा. किती वाजता पोहोचायचं हे त्यानंतर. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ पासून थेट भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला झाला आणि ‘आठ तासांत मुंबई’ हे सगळ्यांच्या डोक्यात बसलं. आम्ही भर मे महिन्यात आलो, दादा, वहिनी, आई आणि मी. त्या आठ तासांचा नाद सोडला म्हणूनच प्रवास नीट झाला, असं माझं ठाम मत आहे.

आदल्या दिवशी गाडी मानेवाड्यातल्या एका टायरवाल्याकडे नेली. चारही टायरांवरून हात फिरवून झाल्यावर तो म्हणाला, “भाऊ, स्टेपनी काढा.” स्टेपनीच्या बाजूवर लंबगोलात ‘२३१८’ असे चार आकडे होते, म्हणजे २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी अगदी कोरी. पण त्याने अंगठ्याने कड दाबली आणि केसासारख्या बारीक भेगा उघड्या झाल्या. “वरून नवा दिसते, पण याले आता रस्त्यावर नका लावू.” आम्ही तिथेच नवा टायर घेतला. तुम्हीही पाचही टायरांचे हे आकडे वाचा, खाचांची खोली बघा (१.६ मिलिमीटर ही कायद्याने किमान), कुठे फुगवटा आलाय का तेही तपासा.

हवेबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. उन्हाळ्यात हवा गरम होऊन टायर फुटतो, म्हणून दोन-चार पौंड कमी ठेवायची, असं पंपावरची पोरंसुद्धा छातीठोकपणे सांगतात. हे ऐकू नका. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, त्यातून उष्णता वाढते आणि भरल्या गाडीला, ताशी १२० च्या वेगात, तीच घात करते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला आकडा बघा. सामान आणि माणसं भरलेली असतील तर त्यासाठी वेगळा आकडा दिलेला असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. वाटेत तपासली तर ती वाढलेलीच दिसेल, ती सोडू नका. आणि टायर फुटलाच तर ब्रेकवर उभं राहायचं नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलायचा.

आईला मागे पट्टा लावायला सांगितला तर म्हणाली, “मला कशाला रे बांधून ठेवता?” शिवाय पट्ट्याचं कुलूप सापडेना, कारण सीट कव्हर घालणाऱ्याने ते कव्हरखाली गाडून टाकलं होतं. दादाने ब्लेडने कव्हर कापून ते वर काढलं. सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळच्या अपघातात गेले, तेव्हा ते मागेच बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. दादाने हे सांगितल्यावर आईने ठाण्यापर्यंत पट्टा काढला नाही.

उजाडायला निघालो. वर्धा, कारंजा लाड, मेहकर; रस्ता सरळ, ना गाव ना चौक. इथला खरा धोका हाच आहे. हाताला काम उरत नाही, डोळे उघडे असतात आणि लक्ष सुटतं. मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल किंवा गाडी पांढऱ्या पट्टीकडे सरकत असेल, तर झोप आलेली आहे असंच समजा. मोठ्याने गाणी लावून किंवा काच खाली करून ती जात नाही. चहा घेऊन वीस मिनिटं सीट मागे टाकून पडा. आम्ही साधारण दर दोन तासांनी चालक बदलला आणि जालन्यापाशी जेवल्यावर सक्तीने विश्रांती घेतली. दुपारी दोन ते चार फार वाईट. मध्यरात्रीनंतर तर या रस्त्यावर येऊच नका, हे मी हात जोडून सांगतो. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले, १५ ऑक्टोबरला वैजापूरजवळ टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळून १२ जण. दोन्ही वेळा मध्यरात्र उलटून गेली होती.

वैजापूरच्या पुढे डाव्या कडेला एक गाडी पंक्चर होऊन उभी होती. मुलं दाराशी खेळत होती, आजी मागच्या सीटवर बसून होत्या. आम्ही पुढे सुरक्षित जागी थांबून मागे गेलो, सगळ्यांना कठड्यापलीकडे नेलं आणि त्यांच्या डिकीतला लाल त्रिकोण बराच मागे नेऊन ठेवला. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. समोरचं दिसून, ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत सव्वाशे-दीडशे मीटर सहज जातात. त्यामुळे त्रिकोण गाडीला टेकवून ठेवण्यात काही अर्थ नाही. माणसं डाव्या दाराने उतरवा, कठड्याच्या पलीकडे जा, मगच ११२ किंवा १०८ ला फोन करा. अपघातात कुणाला मदत करायला कचरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायची सक्तीही नाही.

ट्रक मधल्या नाहीतर उजव्या लेनमधून रेंगाळताना दिसतील. चिडून डावीकडून काढू नका. कुंपण तुटलं असेल तिथून रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आत येतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ वेग उतरवा.

इगतपुरीचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा ओलांडला की पुढे आमणे. दिवसभर शंभरच्या वर राहिल्यावर ऐंशीचा वेगसुद्धा रांगल्यासारखा वाटतो, त्यामुळे महामार्गावरून उतरायच्या रॅम्पवर अंदाजावर न जाता काट्याकडे बघा. पुढे भिवंडीचे कंटेनर आणि उलट दिशेने येणारे दुचाकीवाले असतात. आम्ही त्याआधी शेवटचा थांबा घेतला आणि ठाण्यापर्यंतची गाडी वहिनीने चालवली, कारण तिची झोप झाली होती.