उभं वाचायचं की आडवं?

टूथपिकचा एक चौकोन केला तर चार काड्या लागतात. त्याला चिकटून दुसरा केला की सात, तिसरा केला की दहा, कारण शेजारच्या दोन चौकोनांत मधली काडी एकच असते. या वर्षी शाळा सुरू झाल्यावर मी आठवीच्या वर्गात प्रत्येक टेबलावर टूथपिकची एकेक डबी ठेवली आणि मुलांना सांगितलं, चौकोनांची आगगाडी करा, चौकोन किती आणि काड्या किती ते दोन रकान्यांत लिहीत चला. पाच चौकोनांना १६ काड्या, इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर आलं. मग मी विचारलं, दहा चौकोनांना किती? जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, ३२.

पाचाची दुप्पट दहा, म्हणून सोळाची दुप्पट बत्तीस. मी चूक म्हटलं नाही आणि बरोबरही म्हटलं नाही. दोन टेबलांना आपापल्या पाच चौकोनांच्या गाड्या एकमेकींना जोडायला सांगितल्या. गाड्या सरकवत सरकवत जवळ आणल्या आणि मध्ये दोन काड्या अगदी अंगाला अंग लावून उभ्या राहिल्या. त्यातली एक मुलानं उचलली आणि हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "मिस, ही जास्तीची आहे." म्हणजे ३१. पुढची दोन मिनिटं वर्गात मी एकही शब्द बोलले नाही, कारण प्रत्येक टेबलावर ती एक काडी उचलण्याचं काम चालू होतं.

इलिनॉयमधल्या एका मिडल स्कूलमध्ये मी गणित शिकवते. इथे मिडल स्कूल म्हणजे साधारण सहावी ते आठवी, अकरा ते चौदा वर्षांची मुलं. माझा तास ४५ मिनिटांचा, आणि फंक्शन टेबल हा या तीन वर्षांच्या गणिताचा कणा आहे. एका रकान्यात इनपुट, दुसऱ्यात आउटपुट, आणि दोघांना जोडणारा एक नियम. अमेरिकेत २०१० साली कॉमन कोअर नावाची इयत्तावार उद्दिष्टं आली, त्यांत फंक्शन हा शब्द रीतसर आठवीत येतो. पण त्याची तयारी फार आधीपासून चालते. चौथी-पाचवीत नियम देऊन संख्यांचे आकृतिबंध करवून घेतात, सहावीत एक राशी दुसरीवर कशी अवलंबून असते ते तक्त्यात मांडतात, सातवीत समप्रमाण येतं. म्हणजे माझ्याकडे येईपर्यंत मुलांनी तक्ते भरपूर भरलेले असतात. अडचण नेमकी तिथेच आहे. त्यांना तक्ता भरता येतो, वाचता येत नाही.

हे मला पहिल्याच वर्षी कळायला हवं होतं, पण कळलं नाही, कारण माझी स्वतःची सवय तीच होती. आपण पाढे म्हणतो ते वरून खाली. तीन, सहा, नऊ, बारा. लय खाली जाण्याची असते. 'तीन साते' मध्येच कुणी विचारलं तर मनातल्या मनात थोडं मागे जाऊन पुन्हा खाली यावं लागतं. पाढा हासुद्धा फंक्शनचाच तक्ता आहे, एकाला तीन, दोनाला सहा, पण आपल्या तोंडात तो आडवा नसतो, उभा असतो. मी फळ्यावर तक्ता काढायचे, उजव्या रकान्यावरून बोट खाली फिरवायचे आणि म्हणायचे, बघा, दर वेळी तीन वाढतात. मुलं मान डोलवायची. मला वाटायचं, झालं शिकवून.

मग चाचणीत मी इनपुट दिले १, २, ५ आणि २०. नियम होता तिनानं गुणा आणि एक मिळवा. अर्ध्याहून जास्त मुलांनी लिहिलं ४, ७, १०, १३. त्यांनी डावा रकाना पाहिलाच नव्हता. त्यांच्यावर चिडण्यासारखं काही नव्हतं, मी त्यांना डावीकडे बघायला कधी लावलंच नव्हतं. त्या रात्री ते पेपर तपासताना मला खरोखर वाईट वाटलं. मुलं हुशार होती, मेहनत करत होती, आणि मी त्यांना फक्त खाली उतरायचा जिना दाखवला होता.

तेव्हापासून मी इनपुट ओळीनं देणं जवळजवळ बंद केलं. कधी ७, ०, ३, १०. कधी दोन-दोनाच्या उड्या: दोनाला ७, चाराला १३, सहाला १९. इथे उजवीकडे सहा-सहानं वाढ दिसते, म्हणून मुलं म्हणतात, सहानं गुणायचं. मग पडताळून बघा म्हणायचं. सहा दुणे बारा, त्यातून पाच वजा केले की सात, जमलं. आता चार घ्या. चोवीस वजा पाच एकोणीस, पण तक्त्यात तर १३ आहे. मग कुणीतरी डावीकडे बघतं आणि म्हणतं, अहो, इकडे पण दोन-दोन वाढलेत. उजवीकडच्या वाढीला डावीकडच्या वाढीनं भागायचं, हे सूत्र म्हणून आधी सांगितलं की पंधरा दिवसांत पुसलं जातं. असं अडखळून सापडलं की टिकतं, हा माझा अनुभव. आणि शून्याची ओळ मी कधी सोडत नाही. शून्य चौकोनांना एक काडी कशी, यावर इतका वाद झाला की तास संपला. शेवटी एका मुलीनं सांगितलं, ती आधी उभी करून ठेवलेली काडी आहे, नंतर प्रत्येक चौकोन तीन काड्या आणतो. तीन एन अधिक एक (एन म्हणजे चौकोनांची संख्या) यातला 'अधिक एक' कुठे उभा आहे, ते सगळ्या वर्गाला टेबलावर दिसलं.

याच आगगाडीत आणखी एक गोष्ट झाली. वर्गात मध्य अमेरिकेतून नुकतीच आलेली एक मुलगी होती. घरी स्पॅनिश, इंग्रजी जेमतेम. ती कधी बोलत नसे. तिनं आपल्या चित्रात वरच्या आणि खालच्या काड्या निळ्या रंगवल्या, उभ्या काड्या लाल. दहा चौकोनांना निळ्या वीस, लाल अकरा. कागद तिनं न बोलता माझ्यापुढे सरकवला. मी तो तसाच पडद्यावर दाखवला. बाकीच्यांनी तीन एन अधिक एक लिहिलं होतं. हिच्या चित्रात दोन एन होते आणि त्यात एन अधिक एक मिळवलेलं. एकानं आणखी वेगळं पाहिलं: प्रत्येक चौकोनाला चार काड्या धरायच्या आणि जोडाच्या जागी दोनदा मोजलेल्या काड्या वजा करायच्या, म्हणजे चार एन वजा (एन वजा एक). तीन मुलांना तीन नियम दिसले आणि तिन्ही नियम सरळ केले की एकच निघाला. कंस सोडवणं हे मुलांना नेहमी शिक्षा वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा त्याला कारण मिळालं.

आठवड्यातून एकदा आम्ही 'नियम ओळखा' खेळतो. मुलांनी संख्या द्यायची, मी गप्प राहून फळ्यावर उत्तर लिहायचं. पहिली संख्या आली दोन, मी लिहिलं ४. लगेच हात वर. दुप्पट! दोन मिळवायचे! एका जोडीवरून नियम ठरत नाही, हे मी सांगत नाही, दुसरी संख्या मागते. तीन. मी लिहिलं ९. दोन्ही अंदाज पडले आणि वर्ग उत्साहानं म्हणाला, वर्ग करायचा. एका मुलानं मला पकडण्यासाठी दिलं उणे तीन. मी ९ लिहिलं. तो उठून उभाच राहिला: "पण नऊ तर तीनाला दिलाय!" खरा प्रश्न हाच होता. दोन इनपुटांना एकच आउटपुट चालेल का? बरीच भवती न भवती झाली. मग मी तक्ता उलटा केला, डावीकडे ९, आणि विचारलं, आता काय लिहू? तीन की उणे तीन? वर्ग थबकला. एका इनपुटला नेमकं एकच आउटपुट, ही फंक्शनची व्याख्या पुस्तकात एका ओळीत आहे. पण ती ओळ का हवी, हे त्या उलट्या तक्त्यापुढे उभं राहिल्याशिवाय मलाही मुलांना पटवता आलं नसतं.

आता उभं वाचण्याबद्दलही नीट बोलायला हवं, कारण या सगळ्यावरून ते वाईट आहे असं वाटेल. तसं अजिबात नाही. आर्यभटानं इ. स. ४९९ च्या सुमारास 'ज्या'चा, म्हणजे आजच्या त्रिकोणमितीतल्या साइनचा, तक्ता दिला, तो मी वर्गात दाखवते. त्यात २४ संख्या आहेत आणि त्या किमती नाहीत, फरक आहेत: २२५, २२४, २२२, २१९, २१५ असं करत शेवटी ३७, २२ आणि ७. एकेक मिळवत गेलं की किमती मिळतात, आणि चोविसाच्या चोवीस मिळवले की ३४३८, म्हणजे त्यानं घेतलेली त्रिज्या. मुलांनी ही बेरीज हातानं केली आणि उत्तर जुळलं तेव्हा मला केवढा आनंद झाला! इथे फरक सारखा नाही, आक्रसत जातो, म्हणून आलेख सरळ रेषा होत नाही, वाकतो. उभ्या रकान्याचं बोलणं ऐकायचंच. फक्त त्याच वेळी डावीकडे काय चाललंय तेही दिसलं पाहिजे.

जानेवारीत मी माझा घरचा तक्ता वर्गात नेला. इथे नवीन आले तेव्हा हवामान फॅरनहाइटमध्ये ऐकू यायचं आणि थंडी किती ते काही उमगायचं नाही, म्हणून मी एका कागदावर लिहून दाराशी लावलं होतं: सेल्सिअस ० ला ३२, १० ला ५०, २० ला ६८, ३० ला ८६. खालीच एक झटपट नियमही होता, दुप्पट करा आणि तीस मिळवा. मुलांनी नेमका नियम (१.८ नं गुणा आणि ३२ मिळवा) आणि झटपट नियम, दोन्हींचे तक्ते शेजारी शेजारी मांडले. झटपट नियम शून्याला ३० देतो, विसाला ७०, तिसाला ९०. सगळीकडे थोडा चुकतो, पण दहाला दोन्हीकडे बरोबर ५०. तिथेच दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात, हे आलेख काढल्यावर दिसलं, आणि पुढे एकसामयिक समीकरणं येतील तेव्हा मला याच पानावर परत यायचं आहे.

तास संपत आला होता. एकानं विचारलं, दोन्ही आकडे सारखेच येतील असं तापमान असतं का? मी म्हटलं, तक्ता खाली वाढवा. उणे दहाला १४. उणे विसाला उणे ४. उणे तिसाला उणे २२. मुलं ओळीमागून ओळ गुणाकार करत होती. मागच्या बाकावरच्या त्या निळ्या-लाल काड्यांच्या मुलीनं वहीत उजवीकडे तिसरा रकाना आखला होता. प्रत्येक ओळीत फॅरनहाइटमधून सेल्सिअस वजा. ३२, २४, १६, ८. पुढच्या ओळीचा गुणाकार तिनं अजून केला नव्हता. डावीकडे उणे ४० लिहिलं, मधली जागा मोकळी सोडली, आणि उजवीकडच्या रकान्यात शून्य मांडून तिनं हात वर केला.