लाइटवाल्याचं बिल सगळ्यात शेवटी

बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातांनी कॅमेरा बनवला ते हे कोल्हापूर. १९२९ ला 'प्रभात' इथंच निघाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, ते अजून गावाच्या मनाला लागून आहे. पण अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय कोल्हापुरातच राहिलं. वडिलांनी शूटिंगचे लाइट भाड्यानं द्यायला सुरुवात केली तेव्हा आधी महामंडळाच्या सभासदत्वाची पावती फाडली, दुकानाची पाटी नंतर लावली.

दोन टेनर म्हणजे मोठे लाइट, चार सोलर म्हणजे मधले, बेबींचा म्हणजे छोट्या लाइटांचा एक पेटारा आणि जुना जनरेटर. टेनरचा बल्ब कापडात धरूनच बसवायचा; बोटाचं तेल लागलं की काच तिथंच फुगते. एलईडी पॅनेल काखेत मारून येणाऱ्या पोरांना हे काय कळणार!

निगेटिव्ह गेली, डिजिटल कॅमेरे आले, कमी उजेडात भागायला लागलं. त्यातच पुण्याहून एक लाइटवाला धंद्यात उतरला. निम्मा दर, ट्रकभाडं त्यातच, आणि फोन आमच्याच गिऱ्हाइकांना. त्याच वर्षी एका बॅनरनं, म्हणजे पिक्चर काढणाऱ्या कंपनीनं, पन्हाळ्याच्या शेड्यूलला एचएमआय (दिवसासारखा उजेड देणारे लाइट), जनरेटर, लाइटमन सगळं नेलं आणि चेक परत आला. हिरोचे पैसे दिले, जेवणवाल्याचे दिले (नाहीतर दुसऱ्या दिवशी सेटवर ताट नाही), आम्हाला मात्र 'पिक्चर विकला की देतो'. पिक्चर विकलाच नाही. लाइटमनची मजुरी आईच्या पाटल्या मोडून भागवली. जनरेटरही विकायला काढला, गिऱ्हाईक बघून गेलं.

तेव्हा उभे राहिले ते एक जुने कॅमेरामन, आमचे आण्णा. एका मालिकेचं काम त्यांच्याकडं आलं होतं. प्रॉडक्शनला बजावलं, "लाइट ह्या पोराचेच, नाहीतर मी येत न्हाई." ॲडव्हान्स समोर बसून घेऊन दिला. मला म्हणाले, "जनरेटर इकलास तर माझ्याशी गाठ हाय."

पुढची वर्षं बरी गेली. मोरेवाडीच्या चित्रनगरीतही आता आमची गाडी असते.

या धंद्यात नवीन असाल तर माल देतानाच्या चलनावर बॅलास्टचा (एचएमआयला करंट देणाऱ्या डब्याचा) नंबर लिहा, केबल मोजून द्या, मोजून घ्या. नवा बॅनर आला की महामंडळात पिक्चरचं टायटल नोंदवल्याचं पत्र आधी मागा आणि ते कुणाच्या नावावर आहे ते नीट वाचा. ट्रक त्यानंतर भरा.

पुण्याचा तो अजून धंद्यात आहे. दर त्याचेही आता आमच्याएवढेच. परवा गोडाऊनवर आला होता, त्याच बॅनरकडं त्याचं पेमेंट अडकलंय म्हणून चौकशीला. फाईल काढून परत आलेला चेक त्याच्यापुढं ठेवला.