उंचावरून पडलेला नट किती जोरात लागतो?

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून टाकलेलं नाणं खालच्या माणसाचा जीव घेतं, ही समजूत जगभर पसरली आहे. ती चुकीची आहे. पण त्यावरून 'छोट्या वस्तूने काय होतंय' असा अर्थ कुणी काढला, तर बांधकामावर हकनाक माणूस जाईल.

आधी नाणं बघू. दहा रुपयांचं नाणं 7.71 ग्रॅम वजनाचं, 27 मिलिमीटर व्यासाचं. लोअर परळच्या वर्ल्ड वन टॉवरची उंची 280 मीटर. हवा नसती तर तिथून सुटलेलं नाणं ताशी सुमारे 267 किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आदळलं असतं. पण हलकं आणि पसरट असल्याने हवा त्याला चांगलंच अडवते. थोडं अंतर पडल्यावर हवेचा रोध वजनाइतका होतो आणि वेग वाढायचा थांबतो. हा अंतिम वेग साधारण ताशी 50 किलोमीटर. नाण्यात तेव्हा एक ज्यूलही ऊर्जा नसते. डोक्याला झोंबेल, फार तर टेंगूळ येईल. डोळ्यावर बसलं तर मात्र इजा होऊ शकते.

बंदुकीच्या गोळीचं तसं नाही. लग्नात हवेत झाडलेल्या रायफलच्या गोळीचं वजन जवळपास या नाण्याइतकंच, 10 ग्रॅमच्या आसपास. पण ती निमुळती आणि आकाराच्या मानाने जड असल्याने सेकंदाला 90 मीटरच्या आसपास वेगाने परत येते. अशा गोळ्यांनी माणसं मेली आहेत. म्हणून नुसती उंची विचारू नका; वजन किती आणि वस्तू हवेला किती अंग देते, हेही विचारा.

आता 20 एमएमच्या बोल्टचा नट घ्या. वजन साधारण 60 ग्रॅम, कडा कठीण. विसाव्या मजल्यावरून, म्हणजे 60 मीटरवरून तो पडला तर खाली येईपर्यंत वेग ताशी 100 किलोमीटरच्या घरात आणि ऊर्जा 25 ज्यूलच्या आसपास असते. उघड्या डोक्यावर बसला तर कवटी फुटू शकते.

'हेल्मेट आहे ना' हे उत्तर मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. युरोपीय मानक ईएन 397 च्या आघात चाचणीत 5 किलोचं वजन 1 मीटरवरून हेल्मेटवर सोडतात, म्हणजे 49 ज्यूल. परांचीचे पाइप जोडणारा एक कपलर साधारण किलोभराचा. तो 5 मीटरवरून पडला की एवढीच ऊर्जा होते. 5 मीटर म्हणजे दोन मजलेसुद्धा नाहीत! 40 मीटरवरून तोच कपलर आठपट ऊर्जा घेऊन येतो. शिवाय मान आणि खांदे हेल्मेटच्या बाहेरच असतात. हेल्मेट घालायचंच, हनुवटीचा पट्टा लावूनच घालायचं, पण त्याच्या भरवशावर वरचं काम ढिलं सोडायचं नाही.

अमेरिकेत जर्सी सिटी इथे नोव्हेंबर 2014 मध्ये सुमारे अर्ध्या किलोचा मेजरिंग टेप पन्नासाव्या मजल्याच्या आसपास कामगाराच्या कमरेवरून निसटला. खाली येताना तो कशावर तरी आपटून उसळला आणि साहित्य पोचवायला आलेल्या माणसाच्या डोक्यात बसला. त्या माणसाने हेल्मेट घातलं नव्हतं. तो दगावला. टेप सरळ रेषेत पडला नव्हता, हे लक्षात घ्या. बॅरिकेड नेमकं कामाच्या खालीच लावून भागत नाही ते यासाठी. वस्तू परांचीच्या पाइपवर, छज्ज्यावर आपटते आणि भलतीकडे जाते.

अवजार बांधायचं तर त्यासाठी बनवलेला लॅनयार्ड, म्हणजे हुकवाला पट्टा वापरा. सुतळी किंवा बाइंडिंग वायरने बांधलेला पाना झटक्याला टिकत नाही. पान्याच्या दांड्याला भोक पाडू नका, तिथेच तो मोडतो. साधारण सव्वादोन किलोच्या वरचं अवजार माणसाच्या पट्ट्याला बांधू नका, पक्क्या आधाराला बांधा. नाहीतर ते सुटलं की माणसालाच खेचतं. सॉकेट पान्यात दांडा बांधलेला असतो आणि सॉकेट निसटतं, म्हणून पिनने दांड्यावर पक्कं बसणारं सॉकेट घ्या. मोबाइल शर्टाच्या वरच्या खिशात नको, वाकलं की पडतो. नट-बोल्ट उघड्या घमेल्यात नेऊ नका, तोंड आवळता येईल अशी पिशवी वापरा.

परांचीच्या कडेला 15 सेंटिमीटर उंचीचा टो-बोर्ड, म्हणजे उभी आडफळी, बहुतेक ठिकाणी असतो, पण त्याच्या आणि पायाखालच्या फळीच्या मधली फट कुणी बघत नाही. नट तिथूनच घरंगळतो. जाळीचंही तेच. माणूस झेलायच्या जाळीचं एकेक घर 100 मिलिमीटरचं असतं; 30 मिलिमीटर रुंदीचा तो नट त्यातून आरपार जातो. त्यावर बारीक घराची दुसरी जाळी अंथरावीच लागते. बाहेरून दिसणारं हिरवं कापड धूळ अडवायला ठीक आहे. उन्हाने ते कुजतं, कपलर त्याला फाडून जातो.

आणि वरून ओरडा ऐकू आला तर वर बघू नका. 60 मीटर पडायला साडेतीन सेकंद लागतात, त्यातला बराचसा वेळ ओरडण्यातच गेलेला असतो. तोंड खाली ठेवून सरळ स्लॅबच्या आत शिरा.