तुम्ही विचारलंत म्हणून: नागपुरात कसला आला समुद्र?

लग्नकार्यात मी काय करते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "समुद्रातल्या माशांवर संशोधन? अन् राहता नागपुरात? अंबाझरी तलावात सोडले का बाप्पा मासे?"

तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. मला समुद्र लागतो तो मिलीग्रॅमच्या हिशेबात. बोटीवरचे सहकारी माशाच्या पाठीच्या मांसाचे तुकडे बर्फात घालून पाठवतात. ते ६० अंशांवर वाळवायचे, खलात पूड करायची, त्यातली साधारण एक मिलीग्रॅम चिमट्याने कथलाच्या इवल्याशा डबीत घालायची आणि डबी दाबून गोळी करायची. मे महिन्यात हे करताना पंखा बंद, कूलरही बंद. पंख्याने पूड उडते, कूलरच्या हवेने ती ओल धरते. नागपूरकरांना याहून जास्त सांगायला नको. गोळ्या मग दुसऱ्या शहरातल्या यंत्राकडे जातात. तिथे त्या १००० अंशांच्या आसपास जळतात आणि नायट्रोजन-कार्बनचे जड-हलके समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, मोजले जातात. हे अणू किरणोत्सारी नसतात, घाबरू नका. जड अणूंचं प्रमाण एका ठरलेल्या मानकापेक्षा दर हजारी किती जास्त, तो आकडा मिळतो; कमी असेल तर तो उणे येतो.

एवढा खटाटोप कशाला, तर कोण कोणाला खातं ते कळावं म्हणून. पोट फाडूनही कळतं, पण तिथे फक्त शेवटचं जेवण सापडतं. त्यातही जेलीफिश केव्हाच विरघळून गेलेली असते आणि माकुळाची कडक चोच तेवढी उरते. मांसात मात्र काही महिन्यांचा आहार मुरलेला असतो. प्राणी हलका नायट्रोजन जास्त बाहेर टाकतात, जड जरा जास्त अंगात ठेवतात. त्यामुळे खाणाऱ्याचा आकडा खाल्लेल्यापेक्षा सरासरी ३.४ प्रति हजार इतका चढतो. कार्बन फारसा हलत नाही, म्हणून अन्नाचं मूळ तो सांगतो: समुद्रातलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, उणे २०च्या आसपास, खारफुटीचं पान उणे २८च्या.

पटत नसेल तर घरचंच बघा. ज्वारी उणे १२च्या आसपास, तांदूळ आणि तूर उणे २७च्या. भाकरीवाला आणि भातवाला केसावरून ओळखता येतो. सावजी मटण नेमाने खाणाऱ्याचा नायट्रोजन वरण-भातवाल्याच्या वर असतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे चातुर्मास कोणी खरंच पाळला तेही लांब वेणीत थोडंफार उमटतं. हे सांगितल्यापासून आमचे मामा माझ्यासमोर टोपी काढत नाहीत.

"मग इथल्या बाजारातलीच सुरमई का तपासत नाही?" हा प्रश्न कमी जण विचारतात, पण खरा प्रश्न तोच. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीवर पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी पाण्यात विरघळलेल्या नायट्रेटवर (नायट्रोजनच्या क्षारावर) श्वास घेतात आणि त्यातला हलका नायट्रोजन वायू करून आधी घालवतात. उरलेलं जड नायट्रेट वर आलं की प्लवक जड, ते खाणारी कोळंबी जड, तिला खाणारा मासाही जड. म्हणजे तिथल्या सुरमईचा आकडा मोठा आला, तर ती मोठी शिकारी आहे की तिथलं पाणीच तसं आहे? त्याच पाण्यातलं प्लवक किंवा शिंपले शेजारी मोजल्याशिवाय यावर बोलूच नये. नुसत्या आकड्यावरून निष्कर्ष काढणारे लेख मी बाजूला ठेवते. बाजारातली सुरमई कुठल्या समुद्रातली, हे विकणाऱ्या दादालाही ठाऊक नसतं. म्हणून बोटीवरची जागा आणि तारीख लिहिलेला तुकडाच हवा.

एवढं ऐकून शेवटी मावशी विचारतात, "ते जाऊ दे, खावा कोणता मासा?" नायट्रोजनच्या शिडीवर जो वर, त्याच्या अंगात पाराही सहसा जास्त. मुशी आणि मोठी सुरमई कधीमधी, बांगडा खुशाल. तारली त्याहून बरी, पण ती इथवर ताजी मिळाली तर मलाही कळवा.