गोळीची वेळ म्हणजे गोळीची वेळ

चांगला वृद्धाश्रम कसा ओळखायचा असं हल्ली मला बरेच जण विचारतात, कारण आत्याला आम्ही एका ठिकाणाहून काढून दुसरीकडे ठेवलं हे नात्यात सगळ्यांना माहितीये. रूम केवढी, जेवण कसं, डॉक्टर कधी येतात, डिपॉझिट किती, हे सगळं विचाराच. पण मी आधी एकच सांगते, तिथं म्हाताऱ्या माणसाच्या वेळेनं काम चालतं का संस्थेच्या, ते बघा.

आत्याला पार्किन्सन्स आहे, म्हणजे मेंदूतलं डोपामिन कमी होऊन हातपाय आखडतात तो आजार. या आजारात लेव्होडोपाची गोळी (आपल्याकडे बरेच जण सिंडोपा म्हणून ओळखतात ती) घेतली की साधारण अर्ध्यापाऊण तासात हातपाय सुटतात, माणूस उठतो, बोलतो, स्वतःच्या हातानं खातो, आणि काही तासांनी असर उतरला की परत सगळं आखडतं. आजार जुना झाला की हा मधला चांगला वेळ कमी कमी होत जातो म्हणून गोळ्या दिवसातून चार-पाच वेळा लागतात आणि उशीर अजिबात चालत नाही. शिवाय डाळ, दूध, पनीर असलं प्रोटीनचं पोटात असेल तर गोळी नीट लागू पडत नाही, म्हणून डॉक्टर जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगतात.

पहिल्या ठिकाणी काय व्हायचं, सगळ्यांच्या गोळ्या जेवण झाल्यावर. ट्रे घेऊन सिस्टर एका टोकापासून निघणार आणि आत्याची खोली दुसऱ्या टोकाला. म्हणजे जेवताना तिचा हात उठायचाच नाही, ताट तसंच परत जायचं, आणि फोन केला की सांगायचे, आजी हट्टी झाल्यात, खात नाहीत. ज्या बाईनं जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर चाळीस-पन्नास पोरांचा वर्ग सांभाळला ती एका चमच्यासाठी हट्टी ठरली याचा मला आजही राग येतो. वेळ बदला म्हटलं तर, अहो ताई, एवढ्या सगळ्यांना वेगवेगळं कसं जमणार. इमारत मात्र सुंदर होती, बाग, मंदिर, लिफ्ट, सगळं.

एकदा उलट्या झाल्या तर पेरिनॉर्मचं इंजेक्शन देणार होते, बहिणीनं फोनवरून थांबवलं. ते औषध मेंदूतल्या डोपामिनच्याच आड येतं, पार्किन्सन्सवाल्याला देत नाहीत. रात्री बडबडणाऱ्याला शांत करायला देतात त्यातल्या हॅलोपेरिडॉलचंही तेच. न द्यायच्या औषधांची यादी आता तिच्या कपाटाच्या दारावर मोठ्या अक्षरात चिकटवलीय, आणि कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर आजच चिकटवा. यूकेमधे पार्किन्सन्स यूके ही संस्था कित्येक वर्षं हेच सांगतीये की हॉस्पिटल असो वा केअर होम, ठरलेल्या वेळेपासून 30 मिनिटांच्या आत गोळी मिळालीच पाहिजे. म्हणजे आम्ही काही जगावेगळं मागत नव्हतो.

आताची जागा साधी आहे, भिंतीचा रंग उडालाय, बाग नाही. पण तिथल्या मावशींच्या मोबाईलमधे आत्याच्या गोळ्यांचे अलार्म आहेत. अंघोळ गोळीनंतर तासाभरानं, अंग सुटलेलं असतं तेव्हा. बाथरूमच्या दारात आत्याचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, तिथं फिजिओनी फरशीवर रंगीत टेपच्या पट्ट्या लावून दिल्यात, त्या पट्ट्यांवर पाय टाकत ती आत जाते आणि मावशी शेजारी उभं राहून "एक, दोन, एक, दोन" म्हणतात, हाताला धरून ओढत नाहीत. ओढलं की माणूस पडतो, हे त्यांना माहितीये कारण त्या तिथं कित्येक वर्षं टिकून आहेत. म्हणून मी म्हणते, ऑफिसात बसून माहितीपत्रक वाचण्यापेक्षा सगळ्यात जुन्या मावशी कोण, पगार वेळेवर होतो का, सुट्टी मिळते का हे विचारा. बारा तासांची ड्युटी आणि तुटपुंजा पगार असेल तर बाई दोन महिन्यांत सोडून जाणार आणि नवीन आलेलीला परत पहिल्यापासून सगळं सांगत बसायचं.

आणि रात्री जाऊन बघा, निदान रात्री किती माणसं ड्युटीवर असतात ते तरी विचारा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर बेडसोर होतात, आणि अख्ख्या मजल्याला एकच बाई असेल तर ती कुणाकुणाला वळवणार? अशाच ठिकाणी मग आजोबा पडू नयेत म्हणून ओढणीनं कॉटला हात बांधतात. आजी अचानक भलतंच बोलायला लागली तर वय झालं म्हणून सोडून देतात, खरं तर लघवीचं इन्फेक्शन असू शकतं, साध्या तपासणीत कळतं. काही ठिकाणी संध्याकाळी साडेसहालाच जेवण उरकतात कारण स्वयंपाकाच्या बायकांना घरी जायचं असतं, मग सकाळच्या नाश्त्यापर्यंत डायबिटीसवाल्यांनी काय करायचं? झोपताना दूध-बिस्कीट तरी देतात का ते विचारा.

सरकारचं म्हणाल तर आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाच्या 2007 च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात गरजू ज्येष्ठांसाठी किमान 150 जणांचा एक तरी वृद्धाश्रम असावा असं कलम आहे. 2019 मधे दुरुस्ती विधेयक आलं, त्यात वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवायची तरतूद होती, पण त्याचा कायदा झालाच नाही. मला हे फार वाईट वाटतं, कारण ज्यांना विचारणारं कुणी नाही त्यांना याच तरतुदीचा आधार झाला असता. सध्या 14567 ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन, एल्डरलाइन, आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, छळ होत असेल, टाकून दिलं असेल तर तिथं फोन करता येतो.

आमच्याकडेही सगळं जमलंय असं नाही. रविवारी नेहमीच्या मावशींची सुट्टी असते आणि बदलीवर येणारी मुलगी दुपारची गोळी उशिरा देते, मग आत्याचा संध्याकाळचा चहाही कुणीतरी पाजावा लागतो. मॅनेजरांशी बोललोय, तिच्या मोबाईलमधेही अलार्म लावून द्यायचं त्यांनी कबूल केलंय, आणि या रविवारी दुपारी बहीण तिथं थांबणार आहे.