सात इंचात डेमीचं पान मावेना

या वर्षी माझी भिशी आठव्या महिन्यात लागली. बारा बायका, महिना दीड हजार, म्हणजे हातात अठरा हजार. आजवरचे भिशीचे पैसे घरातच गेले, एकदा वॉशिंग मशीनला, एकदा लेकीच्या सायकलला. या खेपेला मी आधीच सांगून ठेवलं होतं की हे पैसे माझ्या वाचनाचे. ई-रीडर, म्हणजे नुसती पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यायचा हेही पक्कं होतं. टॅबलेट डोक्यातसुद्धा नव्हता.

मी वाईला राहते आणि नोकरी साताऱ्यात. एसटीनं जायला तास, यायला तास. खिडकीची जागा मिळाली की वाचायचं, हा माझा कित्येक वर्षांचा नेम. मधली दोन वर्षं मोबाईलवर वाचलं आणि संध्याकाळी कपाळ ठणकायला लागलं.

ऑफिसमधल्या एका मॅडमनी त्यांचा ई-रीडर, किंडल, चार दिवस वापरायला दिला. पहिल्याच दिवशी पाचवडच्या पुढे ऊन थेट मांडीवर आलं आणि पडद्यावरची अक्षरं उलट जास्तच स्पष्ट झाली. छापलेल्या कागदासारखी. घरी येऊन हे कसं होतं ते वाचून काढलं. या पडद्याच्या आत केसाच्या जाडीच्या आसपासच्या बारीक कुप्या असतात. त्यांत काळे आणि पांढरे कण, एक धन भाराचे, एक ऋण भाराचे. वीज दिली की हवे ते कण वर येतात आणि तिथेच थांबतात. पान उलटताना तेवढी वीज लागते, पान नुसतं दिसत राहायला लागत नाही. म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. वाचायला बाहेरचा उजेड वापरला जातो, आणि रात्रीसाठीचे दिवे कडेला बसवलेले असतात, ते पानावर प्रकाश टाकतात, डोळ्यांत नाही. चार दिवसांत मी एक जाड कादंबरी संपवली. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, मनगटाला कळतही नाही.

तरी पैसे भरण्याआधी एक काम केलं, आणि ते केलं याचं मला फार बरं वाटतं. कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेवर गेल्या सहा महिन्यांत मी स्क्रीनवर काय काय वाचलं त्याची यादी लिहिली. एकतीस नोंदी झाल्या. त्यातल्या बावीस स्कॅन केलेल्या पीडीएफ होत्या.

याचं कारण माझं दुसरं वाचन. माझ्या आईचं माहेर वाईजवळच्या एका लहान गावात. त्या गावाचं नाव जुन्या कागदांत कुठे कुठे येतं ते मी शोधत असते. त्यासाठी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड लागतात, १८८५ सालचं सातारा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर लागतं, जुन्या मासिकांचे अंक लागतात. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ चा. असली पुस्तकं दुकानात मिळत नाहीत, पण इंटरनेट अर्काइव्हवर त्यांचे स्कॅन आहेत. कुणीतरी एकेक पान काचेवर ठेवून फोटो काढलेत. संध्याकाळी स्वयंपाक झाला की मी त्यात असते.

आता हे सात इंचात कसं दिसेल? जाड पुठ्ठ्याला १०.७ बाय १४.२ सेंटिमीटरची खिडकी कापली, सात इंची ई-रीडरचा पडदा साधारण तेवढाच असतो. मग डेमी आकाराचं, म्हणजे पुस्तकांच्या एका नेहमीच्या मापाचं, एक पान झेरॉक्सवाल्याकडून त्या खिडकीत बसेल इतकं लहान करून आणलं. डेमी पान साडेएकवीस सेंटिमीटर उंच, म्हणजे ते ६६ टक्क्यांवर येतं. बारा पॉइंटचा मजकूर आठचा होतो, आणि नऊ पॉइंटची तळटीप सहाची.

मजकूर कसाबसा वाचता आला. तळटिपांत अनुस्वार गेले, वेलांट्या एकमेकींत मिसळल्या, आणि आकडे तर विचारूच नका. जुन्या पत्रात तारीख ‘छ ७’ अशी येते, पुढे मुसलमानी महिना, आणि संपादकानं खाली शक दिलेला असतो. शके १६८१ की १६८९? सहा पॉइंटमध्ये १ आणि ९ सारखेच दिसतात. पण त्या दोन आकड्यांच्या मधे पानिपत होऊन गेलेलं असतं. पत्रात मागितलेले घोडे कुणासाठी, दाणागोटा कुठे निघालाय, गाव कुणाच्या वसुलीत आहे, सगळा अर्थ एका आकड्यावर उभा. एवढ्या कामासाठी अंदाजानं वाचणं मला चालणार नाही.

ई-रीडर आडवा धरला तर? ते मॅडमच्या किंडलवर करून पाहिलं. अक्षर मोठं होतं, पण पान अर्धं अर्धं दिसतं. तळटीप खालच्या अर्ध्यात, तिचा आकडा वरच्या अर्ध्यात, आणि दर वेळी वरखाली करताना पडदा सावकाश बदलतो. अक्षर मोठं करायची सोय असते ती ईपबसारख्या पुस्तकांत, तिथे मजकूर वाहता असतो, पडद्याप्रमाणे ओळी नव्यानं जुळतात. स्कॅन हे चित्र आहे, त्यात वाहायला काही नाही. कॅलिबर या ई-पुस्तकांचं रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमनं पीडीएफ बदलून पाहिली. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात जुळवलेल्या एका मराठी पुस्तकाचं रूपांतर झालं तेव्हा देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा आला. ई-इंकचं, म्हणजे त्याच कागदासारख्या पडद्याचं, दहा इंची यंत्र मिळतं, पण ते माझ्या दोन भिशांचं.

तेव्हा पहिल्यांदा अकरा इंची टॅबलेटचं माप काढलं. पडदा १४.८ बाय २३.७. डेमी पान १४ बाय २१.५. पूर्ण पान, खऱ्या मापात, कडेला बोटभर जागा ठेवून! मी त्या आकड्यांकडे बराच वेळ बघत बसले.

साताऱ्यातल्या दुकानात गेले तर तिथला मुलगा सिनेमाची झलक लावून रंग दाखवू लागला. म्हटलं, “दादा, ही माझ्या मोबाईलमधली फाईल उघडून द्या.” शंभर एमबीचा स्कॅन. चार टॅबलेटवर उघडायला लावला. स्वस्तातल्या दोन्हींवर पान उलटलं की क्षणभर पांढरं राहायचं, सहा जीबी रॅमवाल्यावर ते झालं नाही. मग टॅबलेट घेऊन दुकानाच्या दारात, उन्हात. तो मुलगा म्हणाला, “ताई, उन्हात कोण वाचतं?” मी वाचते, रोज, एसटीत. तिथे पडद्यात मला माझाच चेहरा दिसला. वजन अर्धा किलो. म्हणजे प्रवासात हा काही उपयोगाचा नाही, हे दुकानातच मान्य केलं.

घरी दोन दिवस जेवताना हीच चर्चा. ह्यांचं म्हणणं, प्रवासाचे दोन तास हक्काचे, तेव्हा ई-रीडरच घे. लेक म्हणाली, “आई, कादंबरी तुला वाचनालयात मिळते की. ते जुनं कुठे मिळतं?”

तिच्या या प्रश्नावर ठरलं. साडेसतरा हजाराला टॅबलेट घेतला, सिम नसलेला, नुसता वायफायवाला. त्यात व्हॉट्सअ‍ॅप टाकलेलं नाही आणि टाकणार नाही. ज्यांचं वाचन मुख्यतः नव्या कादंबऱ्यांचं, किंवा विकिस्रोतावरून ईपब उतरवून घेण्याजोगं आहे, त्यांनी मात्र बेलाशक ई-रीडर घ्यावा. त्या चार दिवसांतलं सुख मी विसरलेले नाही. डोळे रात्री थकतात हेही खरं आहे. पडद्याचा उजेड कमी करून, खोलीतली ट्यूब लावूनच बसते आणि तासाभरानं उठते.

एसटीत आता पुन्हा वाचनालयाचं पुस्तक असतं, खाकी कव्हर घातलेलं, चौदा दिवसांत परत करायचं.

टॅबलेट हातात धरून मनगट दुखायला लागलं तेव्हा माळ्यावरून आजीचं पोथी ठेवायचं लाकडी, घडीचं स्टँड काढलं. तिची पोथी त्यावर असायची. खोबरेल लावून पुसलं. टॅबलेट त्यावर नीट बसतो, थोडा मागे कललेला. काल रात्री तिथे एका तळटिपेत आईच्या गावाचं नाव सापडलं, ‘प्रांत वाई’च्या पुढे, शेवटच्या अक्षरावर अनुस्वारासकट. बाजूला लिहिलेला शक मी दोनदा वाचला, दोन्ही वेळा तोच आला, आणि आईला फोन केला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.