नऊ खिडक्यांची गाडी : आमची वाटचाल

नागपूरहून फोटोग्राफीच्या सहली काढतो असं सांगितलं की फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "वाघ दिसेल का?" ताडोबा आणि पेंच एवढे जवळ असताना तो यायचाच. मी दर वेळी तेच सांगते, आम्ही जंगल सफारी करत नाही. ते काम मनापासून करणारे लोक विदर्भात आहेत, त्यांच्याकडे जा. आमच्या सहली देवळांच्या, यात्रांच्या, नद्या-डोंगरांच्या आणि माणसांच्या. निम्मे फोन इथेच संपतात. उरलेल्या निम्म्यांवर आमचं घर चालतं.

बाबांचा इतवारीत फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मधे निळ्या पडद्याची खोली आणि मागे डार्करूम. शाळेतून आले की दप्तर काउंटरखाली टाकून मी मागे जायची. लाल दिव्यात, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये पांढऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटताना पाहिला, तेव्हाच बहुधा माझं पुढचं ठरून गेलं होतं. लग्नाच्या ऑर्डरवर जाताना बाबा रोल मोजून न्यायचे. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, त्यामुळे बटण दाबण्याआधी ते बराच वेळ नुसते उभे राहायचे. "हात घाई करते, उजेड नाही करत," असं त्यांचं म्हणणं असे.

पुढे डिजिटल आलं, मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि काउंटरवर पासपोर्ट फोटोपुरती गर्दी उरली. त्याच काळात एक गोष्ट लक्षात आली. लोक चांगले महागाचे कॅमेरे घेत होते आणि ते कपाटात पडून राहत होते. म्हणून मी रविवार सकाळचे वर्ग सुरू केले. वर्गातल्या लोकांना घेऊन एकदा रामटेकला गेले, अंबाळा तलावाच्या काठी. पहाटेच्या धुक्यात तलावाकाठची देवळं पाण्यात उतरलेली पाहून कोणी बोलेचना. परतताना गाडीतच पुढच्या सहलीचे पैसे गोळा झाले. आमच्या व्यवसायाची सुरुवात म्हणायची तर ती.

पहिली मोठी सहल मात्र मी चुकीची आखली. चार दिवसांत मध्य प्रदेशातली सात ठिकाणं. यादी भरगच्च दिसली की लोक येतील असा माझा हिशोब, आणि लोक आलेही. भेडाघाटला पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. नर्मदेच्या दोन्ही बाजूंचा संगमरवर त्या उन्हात इतका तळपत होता की फोटोत दगडाच्या जागी नुसता पांढरा डाग येत होता. सकाळी किंवा उतरत्या उन्हात याच दगडात पिवळा, राखाडी, गुलाबी असे किती रंग दिसतात! पण आम्हाला साडेबाराला निघायचं होतं. शेवटच्या दिवशी धरमपेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "चार दिवस मी कॅमेरा बॅगेतून काढला आणि बॅगेत ठेवला, एवढंच केलं गं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे ते जास्त लागलं.

घरी येऊन मी पुढच्या तिन्ही सहलींची आखणी मोडली. चार दिवसांत दोन ठिकाणं, जमलं तर एकच. एकाच घाटावर दोन पहाटा. पहिल्या पहाटेला लोक जे दिसेल ते टिपतात, दुसऱ्या पहाटेला त्यांना काय टिपायचंय हे ठाऊक असतं. माणसांची संख्याही तेव्हाच ठरवली. सतरा सीटांची गाडी घ्यायची आणि नऊच पाहुणे न्यायचे. प्रत्येकाला खिडकी, शेजारच्या सीटवर ट्रायपॉड आणि बॅग. नऊ यासाठी की उजेड चांगला असतो ती वीस-पंचवीस मिनिटं, आणि तेवढ्यात मी नऊ जणांच्या मागे उभी राहून नऊ स्क्रीन पाहू शकते. बारा नेले तर तिघांना काही शिकवणं होत नाही, हे मी करून पाहिलं आहे. अर्थात यामुळे आमचा दर चढा पडतो आणि मी तो फोनवर आधीच सांगते.

हंपीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे मी दोन गोष्टी शिकले. पहिली नियमांची. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायला आधी परवानगी लागते. पहिल्या वेळी मी ती घेतली नव्हती. विठ्ठल मंदिराच्या दारात नऊच्या नऊ ट्रायपॉड बाहेर ठेवावे लागले. पहारेकऱ्याने त्याचं काम केलं, नियम वाचायचं काम माझं होतं. परत आल्यावर आईने जुन्या जीन्सच्या पायांच्या पिशव्या शिवल्या आणि त्यात मोहरी भरली. कठड्यावर किंवा जमिनीवर ती पिशवी ठेवायची, वर कॅमेरा दाबून बसवायचा, की तो हलत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंडाच्या देवळापाशी, जिथे वैनगंगा उलटी फिरून उत्तरेकडे वाहते, तिथलं कोरीव काम आम्ही याच पिशव्यांवर टिपतो. तिरपं ऊन भिंतीला घासून जातं तेव्हा दगडातली बोटंसुद्धा वेगळी दिसतात.

दुसरी गोष्ट विरूपाक्ष मंदिरातली. गाभाऱ्यामागे एक अंधारी जागा आहे. तिथल्या लहानशा छिद्रातून बाहेरच्या उंच गोपुराची सावली समोरच्या भिंतीवर पडते, आणि ती उलटी पडते, कळस खाली आणि पाया वर. उजेड सरळ रेषेत चालतो. गोपुराच्या वरच्या टोकाचा किरण छिद्रातून खाली उतरतो आणि खालचा वर चढतो, एवढंच त्यामागे आहे. कॅमेऱ्यात नेमकं हेच घडतं, फक्त छिद्राच्या जागी भिंग असतं. आता हंपीच्या सहलीत पहिल्या सकाळी कोणी कॅमेरा काढत नाही. आम्ही त्या भिंतीसमोर उभे राहतो. ॲपर्चर, म्हणजे भिंगातलं उजेड आत सोडणारं छिद्र, काय असतं हे फळ्यावर तासभर शिकवून जे कळत नाही, ते तिथे पाच मिनिटांत कळतं.

हिमाचलातल्या स्पितीची सहलही करतो, वर्षातून एकदाच. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास आणि स्पितीतलं काझा साडेतीन हजारांच्या वर. पहिल्या वर्षी दिवस वाचवायला मनालीकडून चढलो. एका काकांना रात्री श्वास लागला, डोकं फुटेल असं दुखू लागलं, आणि त्यांना घेऊन खाली उतरावं लागलं. ते बरे झाले, पण ती रात्र मी विसरलेली नाही. तेव्हापासून शिमला-किन्नौर मार्गानेच जातो, दोन मुक्काम जास्त करून, हळूहळू उंची गाठत. बॅटऱ्या रात्री पांघरुणात घेऊन झोपायच्या, थंडीत त्या लवकर उतरतात.

आमचं वर्षाचं वेळापत्रक पंचांगावर चालतं. कार्तिक पौर्णिमेला काशीत देवदिवाळी असते, घाटांवर लाखो पणत्या लागतात, आणि त्याच रात्री रामटेकच्या गडावर त्रिपुर पेटतो. दोन्हीकडे एकदम जाता येत नाही. काशीचं नाव घेतलं की जागा आठवड्यात भरतात, म्हणून सुरुवातीला काशीच केली. तिथे प्रत्येकाला नावेतून घाट टिपायचे असतात. पण नाव डुलते, ट्रायपॉड असून नसल्यासारखा, आणि शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की दिव्यांच्या रेघोट्या होतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवून, शटर वेगात ठेवून जे मिळेल ते घ्यायचं. आम्ही लोकांना घाटावरच एका पायरीवर बसवायचो, ते पुष्कळांना आवडायचं नाही. आता काशी एक वर्षाआड करतो. मधल्या वर्षी रामटेक. घरापासून पन्नास किलोमीटरवरचं दृश्य सोडून आपण आठशे किलोमीटर जात होतो, हे मनाला टोचत होतं.

पण आमची खरी सहल कुठली विचाराल तर नागपुरातलीच, मारबतीची. मुक्काम नाही, गाडी नाही, मिळकत जवळजवळ नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लहान मुलं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात त्या दिवशी, जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी मारबत, बांबू-कागदाचे दोन मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. सोबत त्या-त्या वर्षीच्या गाऱ्हाण्यांचे बडगे. महागाई असो की रस्त्यातले खड्डे, सगळ्यांचे पुतळे होतात. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" हा ओरडा गल्लीतून घुमत येतो तेव्हा अंगावर काटा येतो. बहुतेक वेळा आभाळ भरलेलं असतं, आणि फोटोला ते फार चांगलं, चेहऱ्यांवर कडक सावल्या पडत नाहीत. गर्दीत लेन्स बदलायची नाही, धूळ आत जाते. चोवीस-पस्तीस मिलिमीटरची रुंद लेन्स लावायची आणि माणसांच्या जवळ जायचं.

आम्ही आठवडाभर आधीपासून तिथे जातो. बांबूचा सांगाडा उभा राहतो, कागद चढतो, रंग लागतो, बायका दर्शनाला येऊ लागतात. तिसऱ्या की चौथ्या वर्षी बडगे करणारे एक आजोबा बांबूच्या कमच्या सोलता सोलता म्हणाले, "फोटो तं सारेच काढून नेतात बाई. पाहाले कोणी देत नाही."

मी स्टुडिओवाल्याची मुलगी. आमच्याकडे फोटो काढला की तो गिऱ्हाईकाच्या हातात जायचाच, कागदी पाकिटात, वर नाव लिहून. सहली सुरू केल्यावर मी नेमकं तेवढंच विसरले होते. त्या वर्षीपासून नियम केला. ज्याचा चेहरा टिपला त्याला विचारून टिपायचा आणि त्याला प्रिंट पोचवायची. चार बाय सहाची प्रिंट, खर्च सहलीच्या पैशांतूनच. बाबांचं प्रिंटर मशीन पुन्हा रोज चालू लागलं. आजोबांच्या घरी आता भिंतीवर सहा वर्षांचे बडगे ओळीने लावलेले आहेत. किन्नौरपर्यंतची पाकिटं टपालाने जातात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या तीन सहलींचे पैसे जमा होते आणि त्यांतले निम्मे पुढे हॉटेलांना, गाड्यांना दिलेले. एका हॉटेलने ते परत केलेच नाहीत. पाहुण्यांचे पैसे मात्र आम्ही पूर्ण परत केले. त्यासाठी माझी मोठी टेलिलेन्स विकली. त्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. खारं पाणी आटलं की मीठ मानवणारे सूक्ष्मजीव त्यात वाढतात, त्यांचा तो रंग. फोनवर फोन येत होते आणि आम्हाला घराबाहेर पडता येत नव्हतं. तेव्हा स्टुडिओच्या खिडक्यांना काळा कागद लावला, एक बारीक छिद्र पाडलं, आणि समोरची अख्खी गल्ली भिंतीवर उलटी उतरवली. जुन्या पाहुण्यांना व्हिडिओवर दाखवलं आणि त्यांनी आपापल्या घरी केलं. कोणाच्या भिंतीवर कडुनिंब, कोणाच्या भिंतीवर पाण्याची टाकी. त्या वर्षी कमाई शून्य होती, पण हे लोक आमच्याबरोबर राहिले.

लोणार आता समृद्धी महामार्गामुळे जवळ आलं. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हा अनेकांनी सुचवलं, रात्री दोनला निघा, सूर्योदयाला पोचा, मुक्कामाचा खर्च वाचेल. आम्ही तसं करत नाही. त्या सरळ रस्त्यावर पहाटे चालकाला झापड येते. आमचे चालक भाऊ पहिल्या सहलीपासून आमच्याबरोबर आहेत, त्यांची झोप मला सूर्योदयाइतकीच मोलाची. आदल्या दुपारी निघतो, मेहकरला उतरतो, लोणारला राहतो. शिवाय विवराचा काठ उंच असल्यामुळे सूर्य उगवला तरी पाण्यावर ऊन उतरायला वेळ लागतो. तोवर चहा होतो. विवराचा व्यास पावणेदोन किलोमीटरहून थोडा जास्त, एका फ्रेममध्ये मावत नाही. कॅमेरा उभा धरून पाच-सहा फोटो एकावर एक थोडे चढवत घ्यायचे आणि नंतर जोडायचे. पाणी गुलाबी नसेल, बहुधा हिरवं असेल, हे मी पैसे घेण्याआधीच सांगते.

आमच्याकडे निम्म्याहून जास्त बायका येतात, पुष्कळ जणी एकट्या. घरून पहिल्यांदाच एकटी निघालेली साठीची बाई पहाटे चारला घाटावर ट्रायपॉड लावते, ते मला फार आवडतं. म्हणून नवीन मार्ग ठरवताना मी आधी स्वतः जाऊन येते आणि वाटेतली स्वच्छतागृहं बघते. देखावे त्यानंतर.

एवढ्या वर्षांत बाबा एकाही सहलीला आले नाहीत. दुकान कोण बघेल, असं म्हणायचे. परवा मारबतीच्या प्रिंट पाकिटात भरताना त्यांनी सहज विचारलं, "रामटेकले थंडी राहील का गं पौर्णिमेले?" या वेळी रामटेकच्या यादीत आठच नावं घेतली आहेत. त्यांच्यासाठी जुना फिल्म कॅमेरा साफ करून ठेवला आहे आणि छत्तीसचा एक रोल मागवला आहे.